अभंगाला वाट मोकळी करून देणारा मिशनरी

मुंबईत जन्मलेल्या आणि आयुष्यातील ५२ वर्षे अहमदनगरला वाहिलेल्या रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी धर्मोपदेशक घडविण्यासाठी एक पाठशाळा काढली. त्या पाठशाळेच्या आश्रयाने मराठीला एक मोठा कवी लाभला आणि त्या कवीच्या घरातून एक अजोड आत्मचरित्र. शिष्यांच्या पूर्वजांचा मान राखण्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावणाऱ्या या शिक्षकाच्या आयुष्याचा हा वेध.

महाराष्ट्रातील कोणत्याही मराठी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गेले, की रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे तरी पद कानावर पडतेच. त्यातील शब्दकळा तुकोबांच्या वळणाची, चाल भजनाची, आळवणी मात्र ख्रिस्ताची. ऐकणाऱ्याला आज त्यात वावगे काही वाटत नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती उपासनेत असा अभंग गाइला जाणे ही साधी गोष्ट नव्हती. धर्म बदलला, की भाषा, वेष, नाव आणि नातीगोती सारेच टाकून द्यावे लागते, असा समज हिंदू समाजात होता. मिशनऱ्यांपैकीही अनेकांच्या मनात त्याहून फारसे निराळे काही नव्हते. हा समज मोडून काढणाऱ्यांत टिळकांचे नाव अग्रभागी आहे. टिळकांना ज्या गावात, ज्या संस्थेत आणि ज्या माणसाच्या सावलीत ही मोकळीक मिळाली, तो माणूस मात्र आज नगरबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. त्याचे नाव डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम. नगरकरांच्या लेखी ते नुसते ह्यूमसाहेब.

जन्म मुंबईचा

ह्यूम यांना परदेशी म्हणावे की नाही, हाच पहिला प्रश्न. त्यांचा जन्म १८ मार्च १८४७ रोजी मुंबईत झाला. वडील रॉबर्ट विल्सन ह्यूम हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. ते १८३९ मध्ये मुंबईत आले आणि पुढे मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले. म्हणजे मराठी छपाईच्या शाईचा वास या मुलाला घरातच मिळाला.

हे सुख फार काळ टिकले नाही. प्रकृती ढासळल्याने १८५४ मध्ये वडील कुटुंबासह अमेरिकेस निघाले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालूनच जहाजे जात. त्या प्रवासातच वडिलांचा मृत्यू झाला आणि त्यांचा देह समुद्राच्या स्वाधीन करण्यात आला. रॉबर्ट तेव्हा अवघा सात वर्षांचा होता. आई हॅना यांनी मुलांना घेऊन पुढचा प्रवास एकटीने पुरा केला आणि अमेरिकेत त्यांना वाढविले, शिकविले.

रॉबर्ट १८६८ मध्ये येल विद्यापीठातून पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरच्या सेमिनरीतून ते १८७३ मध्ये बाहेर पडले. या अँडोव्हरचे नाव पुढे त्यांच्या आयुष्यात वादळ घेऊन येणार होते. १८७४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, त्याच वर्षी ॲबी बर्जेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी हे नवे दांपत्य नगरला येऊन दाखल झाले. ॲबी यांचे वडील एबेनेझर बर्जेस हेही नगरचे जुने मिशनरी. 'सूर्यसिद्धान्त' या भारतीय ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद करून १८६० मध्ये तो त्यांनी पाश्चात्त्य विद्वानांपुढे ठेवला होता. धर्मप्रचारासाठी आलेला माणूस येथील विद्येपुढे बसून शिकू लागतो, याचे उदाहरण ह्यूम यांना सासरच्याच घरात मिळाले होते.

नगरची पूर्वपुण्याई

ह्यूम आले तेव्हा नगरमध्ये अमेरिकन मिशनच्या कामाला चार दशके उलटून गेली होती. १८१३ मध्ये मुंबईत पाय रोवलेल्या या मिशनने १८३१ च्या अखेरीस नगरला ठाणे उघडले. निजामशाहीची ही जुनी राजधानी इंग्रजी अमलात लष्करी छावणीचे गाव बनली होती. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये सुरू झाले ते याच गावातून, हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सिंथिया फॅरर १८३९ पासून १८६२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत येथेच राहिल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे फॅररबाईंच्या संस्थेत घेतल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. कीर्तनाच्या माध्यमातून ख्रिस्तकथा सांगण्याचा प्रयोगही १८६० च्या दशकात नगरच्याच परिसरात रुजला. वीणा, टाळ, मृदंग आणि आख्यान यांची जोड बायबलमधील प्रसंगांना मिळाली आणि खेड्यातला श्रोता रात्र रात्र बसून ते ऐकू लागला.

या पार्श्वभूमीवर मिशनला एक उणीव सतावत होती. जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मंडळ्या वाढत होत्या. त्यांतील बहुसंख्य माणसे महार आणि मांग या, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आलेली होती. त्यांना उपदेशक हवे होते, शिक्षक हवे होते आणि ते त्यांच्याच भाषेत बोलणारे हवे होते. मूठभर अमेरिकनांनी घोड्यावर आणि बैलगाडीत बसून किती गावे पालथी घालावीत?

त्यातच १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. ह्यूम यांना येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. या दुष्काळानंतर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. या ओघाबद्दल तेव्हाही शंका घेतल्या गेल्या आणि आजही घेतल्या जातात. भुकेपोटी घेतलेला धर्म कितपत खरा, हा प्रश्न खुद्द मिशनच्या आतही होता. ह्यूम यांच्या दृष्टीने त्याचे उत्तर शिक्षणात होते. आलेल्या माणसाला वाचता आले पाहिजे, विचार करता आला पाहिजे आणि आपल्या शब्दांत बोलता आले पाहिजे. नाहीतर त्याचा नवा धर्म हा केवळ नवा मालक ठरेल, ही जाणीव त्यांच्या कामामागे दिसते.

पाठशाळेची उभारणी

१८७८ मध्ये ह्यूम यांनी नगरला थिऑलॉजिकल सेमिनरी स्थापन केली. दौंड-मनमाड लोहमार्गाने नगर आगगाडीच्या नकाशावर आले तेही याच वर्षी. धर्मशिक्षणाची ही पाठशाळा म्हणजे भव्य विद्यापीठ नव्हते. विद्यार्थी खेड्यांतून येत. कित्येकांच्या घरात लिहिणारी-वाचणारी ती पहिलीच पिढी. अध्यापनाची भाषा मराठी. आजच्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. परंतु त्या काळात उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी शिक्षण, हे समीकरण पक्के झाले होते. मराठीतून धर्मशास्त्र शिकवायचे तर त्यासाठी मराठीत शब्द हवेत, पुस्तके हवीत, प्रवचनाची घडण हवी. ख्रिस्ती विचार मराठीत नेमका मांडता येईल अशी माणसे तयार करणे, हे काम ओघानेच पाठशाळेच्या वाट्याला आले.

या धडपडीत घरावर मात्र आघात झाला. १८८१ मध्ये ॲबी यांचे निधन झाले. मुले लहान होती. मुलांचे संगोपन, पाठशाळा आणि जिल्ह्याचा कारभार अशी तिहेरी कसरत ह्यूम यांनी काही वर्षे केली. १८८७ मध्ये त्यांनी केटी फेअरबँक यांच्याशी दुसरा विवाह केला. केटी यांचे वडील सॅम्युएल फेअरबँक हे नेवासा तालुक्यातील वडाळा येथे दीर्घकाळ काम केलेले मिशनरी. ह्यूम यांची दोन्ही सासरे अशी नगरच्या मातीशी जोडलेली होती.

पूर्वजांसाठी पणाला लावलेली नोकरी

ह्यूम यांच्या आयुष्यातील खरी कसोटी नगरमध्ये आली नाही. ती अमेरिकेत आली. १८८६ मध्ये ते रजेवर मायदेशी गेले होते. अँडोव्हरच्या सेमिनरीत तेव्हा एका प्रश्नावरून रण माजले होते. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधीच पडले नाही, अशा माणसांचे मृत्यूनंतर काय होते? ते सारे सरसकट नरकात जातात, असे जुने मत सांगे. त्यांनाही मृत्यूनंतर देवाकडून संधी मिळू शकते, असे काही प्राध्यापक मांडू लागले होते आणि त्यावरून त्यांच्यावर पाखंडाचे आरोप होत होते.

अमेरिकेतील विद्वानांसाठी हा ग्रंथांतला वाद होता. नगरहून आलेल्या ह्यूम यांच्यासाठी तो रोजच्या अनुभवाचा प्रश्न होता. आपल्याकडे पूर्वज ही काही पुसट कल्पना नाही. श्राद्धाच्या ताटापासून कुळाच्या नावापर्यंत ते घरात वावरत असतात. नव्याने ख्रिस्ती झालेला मनुष्य विचारतो, की माझा बाप, माझी आजी, माझे पणजोबा यांचे काय? त्यांनी तर हे नाव ऐकलेच नव्हते. त्याला मिशनऱ्याने काय सांगावे? ज्या देवाला दयाळू म्हणायचे, त्यानेच तुझ्या बापाला न ऐकलेल्या गोष्टीसाठी शिक्षा दिली, असे सांगायचे का? अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ह्यूम यांनी ही अडचण उघडपणे मांडली. जुन्या मताचे ओझे भारतातील कामाला पेलवत नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

याचे पडसाद ताबडतोब उमटले. ह्यूम ज्या संस्थेच्या सेवेत होते, त्या अमेरिकन बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांना भारतात परत पाठविण्यास आडकाठी घेतली. त्याच वर्षी डे मॉइन येथे भरलेल्या बोर्डाच्या अधिवेशनात या विषयावर मोठी खडाजंगी झाली. बारा वर्षांची सेवा, स्वतः उभी केलेली पाठशाळा आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेली माणसे हे सारे एका बाजूला आणि उच्चारलेले मत दुसऱ्या बाजूला, असा हा पेच होता. शब्द मागे घेऊन मोकळे होणे सोपे होते. काही काळ ताटकळत राहावे लागले. अखेर १८८७ मध्ये ह्यूम यांना भारतात परतण्याची परवानगी मिळाली. हा वाद बोर्डात पुढेही कित्येक वर्षे धुमसत राहिला.

या प्रसंगाकडे धर्मशास्त्रातील एक किरकोळ तंटा म्हणून पाहता येईल. परंतु मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने त्याचे मोल निराळे आहे. ज्याच्या गुरूने शिष्याच्या पूर्वजांना नरकात ढकलण्यास नकार दिला, त्या शिष्याला ज्ञानेश्वर-तुकाराम टाकून देण्याची सक्ती कोण करणार? ह्यूम यांच्या या भूमिकेतून टिळकांचा अभंग थेट जन्मला, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण तो अभंग ज्या हवेत वाढला, ती हवा या भूमिकेने मोकळी केली होती, हे नाकारता येत नाही.

शिकागोच्या व्यासपीठावर

१८९३ च्या सप्टेंबरमध्ये शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ती भारतीयांच्या कायमची स्मरणात राहिली. मुंबईहून ब्राह्मसमाजाचे प्रतिनिधी बी. बी. नगरकर आणि जैन धर्माचे प्रतिनिधी वीरचंद गांधी हेही तेथे गेले होते. त्याच परिषदेत ह्यूम यांनीही निबंध वाचला. ख्रिस्ती आणि हिंदू विचार कोठे एकत्र येतात आणि कोठे वेगळे होतात, हा त्यांचा विषय होता. मिशनऱ्याने हिंदू धर्मातील उणिवांची जंत्री द्यावी, अशी तेव्हाची रीत. ह्यूम यांनी साम्याला भेदाइतकेच महत्त्व दिले. ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा तसूभरही कमी नव्हती. मात्र समोरच्याच्या घरातही देवाचा वावर आहे, हे मान्य केल्याशिवाय संवाद होत नाही, हे त्यांनी नगरमध्ये शिकून घेतले होते.

टिळक नगरला येतात

परिषदेच्या सुमारासच इकडे एका अस्वस्थ कवीच्या आयुष्याला वळण मिळत होते. कोकणातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक हे संस्कृतचे व्यासंगी आणि मनस्वी वृत्तीचे. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका परदेशी गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. मनातील दीर्घ घालमेलीनंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातलगांत हाहाकार उडाला. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने राहू लागल्या. घरदार, जात आणि सगेसोयरे यांना पारखे झालेले टिळक नगरला आले आणि ह्यूम यांच्या पाठशाळेत शिकवू लागले.

दोघांच्या स्वभावांत अंतर मोठे होते. ह्यूम शिस्तीचे, हिशेबाचे, संस्था चालविणारे. टिळक लहरी, तापट, खिशातील शेवटचा पैसा देऊन टाकणारे. असा माणूस वेळापत्रकात बसविणे अवघड. सांगितलेले धडे शिकविण्यापुरता कवी वापरून घेण्याचा मोह कोणत्याही संस्थाचालकाला झाला असता. नगरमध्ये टिळकांना काव्याची मुभा मिळाली. पाठशाळेतील खेडवळ विद्यार्थी आणि संस्कृताचा हा पंडित यांची गाठ पडली, हाही एक विलक्षण योग. ज्यांची सावली एरवी टिळकांच्या पूर्वायुष्यातील समाजाने टाळली असती, त्यांच्यासोबत बसून त्यांना शिकवावे लागले. या श्रोत्यांसाठी लिहिताना टिळकांची भाषा सोपी झाली, कीर्तनाकडे वळली, अभंगात स्थिरावली. शिक्षक विद्यार्थ्यांना घडवीत होता तसेच विद्यार्थीही शिक्षकाला घडवीत होते.

१९०४ मध्ये टिळकांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत त्यांनी सांभाळले. परकीय वळणाच्या चालींवर बसविलेली, ओढूनताणून जुळविलेली गीते मागे पडत गेली आणि टिळकांची पदे मराठी उपासनेचा कणा बनली. १९१५ मध्ये नाशिकच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. धर्मांतरामुळे ज्याला समाजाने दूर लोटले, त्याला मराठी साहित्याने पुन्हा मानाचे पान वाढले.

टिळकांचे घर हीच एक वेगळी पाठशाळा होती. तरुण त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, या घरात मुलासारखे राहिले. काही वर्षांच्या दुराव्यानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. फारसे शालेय शिक्षण न झालेल्या या बाईंनी पुढे लिहिलेले 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्राचा मानदंड ठरले. त्यात ह्यूमसाहेब आणि नगरचे मिशनचे जग डोकावते ते कोणत्याही भक्तिभावाच्या मखरात बसून नव्हे, तर घरातल्या माणसांसारखे. लक्ष्मीबाईंच्या मिस्कील नजरेतून.

दुष्काळ आणि प्लेग

या साऱ्या वाङ्मयीन उलाढालीच्या मागे जिल्ह्यावर एकामागून एक संकटे कोसळत होती. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन ठाकला. मध्ये प्लेगने थैमान घातले. अमेरिकेतून येणारी मदत गावोगावी पोहोचविण्याच्या कामात ह्यूम आघाडीवर होते. धान्य, कपडे, पैसा, मजुरीची कामे आणि या सर्वांचा चोख हिशेब असा त्यांचा दिनक्रम झाला. या सेवेबद्दल सरकारने १९०१ मध्ये त्यांना 'कैसर-ई-हिंद' सुवर्णपदक दिले.

दुष्काळाने मागे ठेवलेली हजारो अनाथ मुले हा मिशनपुढचा पुढचा प्रश्न होता. त्यांना केवळ जेवू घालून भागणार नव्हते. नगरच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेसारख्या संस्थांतून सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणे असे हातातले कसब त्यांना देण्यात आले. याच काळात डी. सी. चर्चिल या मिशनरी यंत्रज्ञाने नगरमध्ये सुधारित हातमाग तयार करण्याचे प्रयोग केले. ह्यूम यांच्या कन्या रूथ वैद्यकीय शिक्षण घेऊन १९०३ मध्ये नगरला परतल्या आणि स्त्रियांसाठीच्या रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली.

ग्रंथकार ह्यूम

शिष्यांना लिहिते करणारे ह्यूम स्वतःही लिहीत राहिले. अमेरिकेतील धर्मशिक्षणाच्या संस्थांत त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून 'मिशन्स फ्रॉम द मॉडर्न व्ह्यू' हे पुस्तक १९०५ मध्ये आले. भारताच्या धार्मिक इतिहासाचा अर्थ लावणारा त्यांचा दुसरा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लेखन इंग्रजीत आणि प्रामुख्याने अमेरिकन वाचकांसाठी होते. भारताकडे अंधारात बुडालेला देश म्हणून पाहणाऱ्या आपल्या देशबांधवांची नजर दुरुस्त करणे, हा त्यामागील हेतू. थोडक्यात, नगरमध्ये ते मराठी माणसांना ख्रिस्त समजावून सांगत आणि अमेरिकेत ख्रिस्ती माणसांना भारत.

हा वारसा त्यांच्या कुटुंबात आणि सहकाऱ्यांतही उतरलेला दिसतो. मुंबईत शाळा चालविणारे त्यांचे बंधू एडवर्ड यांचे पुत्र रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी तेरा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. तो पुढे जगभरच्या अभ्यासकांनी वापरला. याच मिशनमध्ये आयुष्य घालविलेले जस्टिन ॲबट यांनी निवृत्तीनंतर महाराष्ट्रातील संतकवींची चरित्रे आणि काव्ये इंग्रजीत आणणारी ग्रंथमाला हाती घेतली. १९२६ पासून तिचे खंड निघू लागले आणि एकनाथ, तुकाराम, रामदास, बहिणाबाई यांची ओळख परदेशी वाचकांना झाली. मराठी माणसाला बायबल देण्यासाठी आलेले मिशन जाताना जगाला तुकाराम देऊन गेले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

मर्यादा आणि माघार

ह्यूम यांच्या थोरवीचा हिशेब मांडताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विचाराने ते कितीही उदार असले, तरी मिशनची तिजोरी आणि निर्णयाचा अधिकार अमेरिकनांच्याच हाती राहिला. पगार देणारा साहेब आणि पगार घेणारा देशी सेवक हे नाते प्रेमळ असले तरी बरोबरीचे नव्हते. भारतीय ख्रिस्ती माणसाने परक्यांच्या पैशावर किती काळ विसंबावे, हा प्रश्न टिळकांना आयुष्यभर छळत राहिला. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, ख्रिस्ती संन्याशाची वाट धरली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही संकल्पना उभी करण्याचा ध्यास घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सारे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग अधुरा राहिला. हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरेच राहिले. ते पुरे करण्याचा भार पुढे लक्ष्मीबाईंनी उचलला.

टिळकांचे जाणे हा ह्यूम यांचा पराभव होता का? संस्थेच्या चौकटीतून पाहिले तर होता. ज्याला इतकी वर्षे जवळ ठेवले, त्यालाच ती चौकट अपुरी वाटली. शिक्षकाच्या नजरेतून पाहिले तर उत्तर बदलते. स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या शिष्याने गुरूच्या घराबाहेर पडणे, हीच शिकवणुकीची पूर्तता. भारतीय ख्रिस्ती धर्म भारतीय माणसांनीच घडवावा, हे ह्यूम व्याख्यानांतून आणि ग्रंथांतून मांडीत होते. टिळकांनी ते शब्दशः खरे करून दाखविले, साहेबाला परवडेल त्याच्याही पुढे जाऊन.

पाठशाळेतून बाहेर पडलेल्या इतर विद्यार्थ्यांची नावे वाङ्मयाच्या इतिहासात आली नाहीत. ते पारनेर, राहुरी, नेवासा, शेवगावकडच्या खेड्यांत गेले. एकशिक्षकी शाळा चालवीत राहिले, रात्री कीर्तने करीत राहिले. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांच्या हाती त्यांनी पाटी-पेन्सिल दिली. टिळकांचे अभंग गावोगावी पोहोचले ते छापील पुस्तकांपेक्षा या अनाम मास्तरांच्या आणि उपदेशकांच्या गळ्यातून. एका मोठ्या कवीसोबत त्याचे शेकडो गायक आणि हजारो श्रोते तयार करणे, हेही त्या पाठशाळेचेच काम.

अखेरचा प्रवास

१९२६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, ह्यूम यांनी नगरचा निरोप घेतला. १८७४ मध्ये तरुण म्हणून आलेला माणूस ५२ वर्षांनी वृद्ध होऊन निघाला. ज्या देशात जन्म झाला, जेथे पहिली पत्नी गमावली, जेथे आयुष्याचे सारे काम झाले, तो देश सोडून ते कायद्याने आपल्या असलेल्या देशात गेले. लहानपणी वडिलांना समुद्रात ठेवून त्यांनी हाच प्रवास केला होता. तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर नगर खूप बदलले. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेजची स्थापना केली आणि जिल्ह्यातील उच्च शिक्षणाची सूत्रे मिशनच्या परंपरेत वाढलेल्या एका मराठी माणसाच्या हाती आली. मिशनच्या मंडळ्या १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ह्यूम यांचे नाव शहरातील ह्यूम मेमोरियल चर्चच्या रूपाने टिकून आहे. पण तेथून जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावामागचा माणूस माहीत असेल?

कदाचित शिक्षकाच्या वाट्याला हेच यायचे असते. शिष्यांची पदे ओठांवर राहतात, त्यांची पुस्तके अभ्यासक्रमात लागतात आणि त्यांना बसायला जागा देणारा विस्मृतीत जातो. मात्र एखाद्या रविवारी मराठी चर्चमधून अभंगाचे सूर बाहेर येतात, गाणाऱ्याला आपण तुकोबांचे देणे लागतो की ख्रिस्ताचे असा प्रश्न पडत नाही, तेव्हा त्या निःशंकतेत एका माणसाचा वाटा असतो. आपल्या शिष्यांना त्यांच्या वाडवडिलांपासून तोडण्याचे त्याने नाकारले होते आणि त्यासाठी नगरला परतण्याची वाट बंद होण्याचा धोकाही पत्करला होता.